परसदारीचे हिवाळी पाहुणे : दाणापात्र, स्थलांतरित गायक पक्षी आणि निरीक्षकाची जबाबदारी

सारांश

हिवाळ्यात घराच्या परसात येणाऱ्या स्थलांतरित गायक पक्ष्यांचे निरीक्षण हा उत्तर अमेरिका व ब्रिटन येथील एक लोकप्रिय छंद आहे. या छंदातून पक्षिशास्त्राला उपयुक्त अशा दीर्घकालीन नोंदी जमा झाल्या असून दाणापात्र हे त्याचे मुख्य साधन राहिले आहे. हेच साधन महाराष्ट्रात जसेच्या तसे वापरले असता अपेक्षित पाहुणे का येत नाहीत, याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे. दाणापात्राचे फायदे व धोके, आपल्याकडील हिवाळी पाहुण्यांचा आहार, तसेच महाविद्यालयीन परिसरात करता येण्याजोगे नोंदकार्य यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

बीजशब्द : स्थलांतर, गायक पक्षी, दाणापात्र, कीटकभक्षी पक्षी, लोकसहभागी विज्ञान, महाविद्यालयीन परिसर.

१. प्रस्तावना

अंगणात येणाऱ्या पाखराला चार दाणे टाकणे ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. धान्य पाखडताना सुपातून उडालेली कणी चिमण्यांची आणि पितृपक्षातील घास कावळ्याचा, हे कुणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे इंग्रजीत ज्याला बर्ड फीडर म्हणतात ते दाणापात्र अलीकडे शहरांतील दुकानांत मिळू लागले, तेव्हा ते आपल्याला परके वाटले नाही.

प्रस्तुत लेखकानेही काही वर्षांपूर्वी निवासस्थानाच्या परसात आंब्याच्या फांदीला असे एक दाणापात्र टांगले. त्यात बाजरी आणि तांदळाची कणी भरली. उत्तरेकडून येणारे छोटे पक्षी आता खिडकीतून रोज दिसतील, अशी भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात चिमण्या आल्या, दुसऱ्या आठवड्यात पारवे आले आणि महिनाभरात पारव्यांनी परसाचा ताबा घेतला. याच काळात थिरथिरा हा खरा हिवाळी पाहुणा परसातच वावरत होता. तो कुंपणाच्या तारेवर बसे, विटकरी शेपटी थरथरवी, खाली झेप घेऊन एखादा किडा टिपे आणि पुन्हा तारेवर जाई. दाणापात्र त्याच्यापासून दहा पावलांवर होते, पण संपूर्ण हिवाळ्यात त्याने त्याकडे एकदाही लक्ष दिले नाही.

ज्या साधनाने अमेरिकेतील एखाद्या गृहिणीच्या परसात स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते साधन आपल्या थिरथिऱ्यापुढे निरुपयोगी का ठरावे? हा प्रश्न किरकोळ वाटला तरी त्याच्या उत्तरात स्थलांतराचे शास्त्र, पक्ष्यांचा आहार आणि आपल्या परिसराचे व्यवस्थापन या तिन्ही बाबी गुंतलेल्या आहेत.

२. गायक पक्षी आणि स्थलांतर : काही मूलभूत बाबी

जगातील पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती 'पॅसेरिफॉर्मिस' या एकाच गणात मोडतात. या गणातील ज्या मोठ्या उपगणाच्या पक्ष्यांचे स्वरयंत्र विशेष विकसित असते, त्यांना गायक पक्षी म्हणतात. चिमणी, बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंपी, वटवट्या, धोबी आणि माशीमार हे सर्व गायक पक्षीच होत. शास्त्रीय व्याख्येनुसार कावळाही यातच येतो, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात. तथापि वर्गीकरण हे स्वरयंत्र व शरीररचना यांच्या आधारे केले जाते, आवाजाच्या गोडव्यावर नव्हे, हा मुद्दा त्यांच्या मनावर ठसवण्यास हेच उदाहरण सर्वांत उपयोगी पडते.

स्थलांतराचे मूळ कारण अन्नात आहे. उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात दिवस मोठे असतात आणि कीटकांची रेलचेल असते, म्हणून पक्षी तेथे वीण करतात. हिवाळा आला की कीटक नाहीसे होतात, झाडे निष्पर्ण होतात आणि पक्ष्यांना दक्षिणेकडे यावे लागते. निघण्याची सूचना मात्र अन्न संपल्यावर मिळत नाही. दिवसाची लांबी बदलू लागली की पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, भूक वाढते व त्वचेखाली चरबी साठते. अशा काळात पिंजऱ्यात ठेवलेला स्थलांतरित पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होऊन फडफडतो. त्यामुळे परसात दाणे ठेवल्याने पक्षी आपला प्रवास विसरतात ही सर्वसाधारण भीती निराधार आहे. मात्र या विधानाला एक महत्त्वाचा अपवाद असून त्याचा विचार पुढे केला आहे.

बहुतेक छोटे गायक पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड व स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. दिशा ठरवण्यासाठी ते तारे, मावळत्या सूर्याचा प्रकाश आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा उपयोग करतात. स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने इंडिगो बंटिंग या पक्ष्याला तारांगणाच्या कृत्रिम आकाशाखाली ठेवून केलेले प्रयोग १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. ताऱ्यांच्या रचनेवरून हा पक्षी दिशा ओळखतो, हे त्यांतून सिद्ध झाले. दहा ग्रॅमच्या आसपास वजनाचा जीव हे सर्व करतो आणि सकाळी आपल्या परसातील शेवग्यावर किडे शोधताना दिसतो.

३. दाणापात्र : छंदातून विज्ञानाकडे

अमेरिकेतील व कॅनडातील परसदारी येणाऱ्या हिवाळी पाहुण्यांत जुन्को, अमेरिकन गोल्डफिंच, पाइन सिस्किन आणि पांढऱ्या गळ्याची अमेरिकन चिमणी हे पक्षी प्रमुख आहेत. यांपैकी जुन्को कॅनडाच्या सूचिपर्णी अरण्यातून हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो. तो पहिल्या बर्फाबरोबर दिसतो, म्हणून लोक त्याला हिमपक्षी म्हणतात. पाइन सिस्किनची गोष्ट वेगळी आहे. उत्तरेकडील सूचिपर्णी वृक्षांना ज्या वर्षी बी कमी धरते, त्या वर्षी सिस्किनांचे मोठे थवे दक्षिणेत उतरतात आणि इतर वर्षी ते जवळपास दिसतच नाहीत. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हे सर्व पक्षी निदान हिवाळ्यात तरी बी खाणारे आहेत. त्यांची चोच आखूड, जाड व शंकूच्या आकाराची असते. बर्फाने जमीन झाकली गेल्यावर सूर्यफुलाच्या बियांनी भरलेले पात्र त्यांना आयते अन्न पुरवते.

अशा पात्रापाशी बसून लोक जे पाहत होते त्याला शास्त्रीय शिस्त लावण्याचे काम १९७६ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात सुरू झाले. एरिका डन यांच्या पुढाकाराने लाँग पॉइंट पक्षिवेधशाळेने तेथे दाणापात्रांचे सर्वेक्षण हाती घेतले. पुढे १९८७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेच्या सहकार्याने ते सर्व उत्तर अमेरिकेत विस्तारले आणि 'प्रोजेक्ट फीडरवॉच' या नावाने आजही चालू आहे. त्यातील मोजणीचा नियम साधा परंतु मार्मिक आहे. दिवसभरात किती पक्षी आले याची बेरीज करावयाची नाही, तर एका वेळी एकत्र दिसलेल्या पक्ष्यांची सर्वाधिक संख्या तेवढी लिहावयाची. एकच जुन्को दिवसात दहा वेळा आला तर बेरजेत दहा जुन्को होतात. एका वेळी दिसलेल्यांची संख्या घेतली की ही चूक टळते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकास नमुना-निवडीतील पुनरावृत्तीचा दोष समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

दाणापात्राने पक्ष्यांचे हित होते का, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ब्रिटिंगहॅम व टेम्पल या संशोधकांनी चिकडी या छोट्या स्थानिक पक्ष्याचे निरीक्षण केले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, ज्या पक्ष्यांना दाणे मिळत होते त्यांपैकी ६९ टक्के हिवाळ्यातून वाचले, तर न मिळणाऱ्यांपैकी ३७ टक्केच वाचले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील अभ्यासात दीर्घकाळ चालू असलेली दाणापात्रे काढून घेतल्यावरही ते पक्षी इतरांइतकेच तग धरून राहिले. म्हणजे कडक थंडीत मदत होते, पण पक्षी परावलंबी होत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

४. दाणापात्राची दुसरी बाजू

अनेक पक्षी एकाच पात्रात चोच घालू लागले की रोगाचा प्रसार सुलभ होतो. १९९३-९४ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील परसांत डोळे सुजून आंधळे झालेले हाऊस फिंच पक्षी दिसू लागले. कोंबड्यांमध्ये आढळणारा मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जीवाणू त्यास कारणीभूत होता. हा प्रसार कसा होत गेला याचा नकाशा परसातील निरीक्षकांच्या नोंदींवरूनच तयार झाला. ज्या पात्रापाशी रोग पसरला, त्याच पात्रापाशी बसलेल्या माणसाने तो टिपला, ही या घटनेतील विसंगती विचार करण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या परजीवीजन्य रोगाने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या इतकी घटवली की २०२१ मध्ये तो तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेला.

दुसरा धोका काचांचा व मांजरांचा. अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आदळून दरवर्षी सुमारे ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच पात्र खिडकीपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे ठेवावे असे सांगितले जाते. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्यास प्राणघातक वेग येत नाही आणि दुरून येणाऱ्यास काच चुकवण्यास वाव मिळतो.

तिसरी गोष्ट वर उल्लेखिलेल्या अपवादाची. मध्य युरोपात वीण करणारा ब्लॅककॅप नावाचा वटवट्या पूर्वी हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे, म्हणजे स्पेन व उत्तर आफ्रिकेच्या बाजूस जात असे. १९६० च्या दशकापासून त्यांपैकी काही पक्षी वायव्येकडे वळून ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ पीटर बर्टहोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पक्ष्यांची पिंजऱ्यात वीण घडवली असता पिल्लेही वायव्येकडेच तोंड करीत असल्याचे आढळले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने स्थलांतराची दिशा आनुवंशिक असून ती अल्पकाळात बदलू शकते, हे दाखवले. पुढे २०१५ मध्ये ब्रिटनमधील परसदारी नोंदींच्या आधारे झालेल्या अभ्यासात या पक्ष्यांचा दाणापात्रांशी संबंध वाढत असल्याचे दिसून आले. एकट्या पक्ष्याला दाणा रोखून धरीत नाही, परंतु पिढ्यानपिढ्या मिळणारा दाणा एका जातीचा मार्ग बदलण्यास हातभार लावू शकतो. मूठभर दाण्यांची ही शक्ती ध्यानात घेतल्यास परसातील पाहुणचार ही केवळ भावनेची बाब राहत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप निराळे आहे. येथे टाकलेल्या धान्याचा सर्वाधिक लाभ पारव्यांना होतो. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ मध्ये झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास संवेदनशील व्यक्तींना फुप्फुसाचा गंभीर विकार होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रास मान्य आहे. भूतदयेच्या परंपरेचा पूर्ण आदर राखूनही, धान्याच्या राशींनी पक्षिवैविध्य वाढत नाही, एकाच जातीची गर्दी वाढते, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते.

५. महाराष्ट्रातील हिवाळी पाहुणे आणि त्यांचा आहार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या परसात व बागेत येणाऱ्या स्थलांतरित गायक पक्ष्यांची चोच पाहिली की उत्तर मिळते.

थिरथिरा हा मध्य आशिया व हिमालयाच्या उंच प्रदेशांतून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. करडा धोबी त्याहूनही लवकर, कधी ऑगस्टअखेरच दाखल होतो आणि पाणथळ हिरवळीवर शेपटी वरखाली करीत फिरतो. लाल कंठाचा माशीमार पूर्व युरोप ते पश्चिम सायबेरिया या पट्ट्यात वीण करतो. युरोपातील अनेक छोटे पक्षी आफ्रिकेकडे जात असताना हा मात्र आग्नेयेकडे वळून भारतात येतो. नावातील लाल कंठ प्रौढ नरालाच असतो. इतरांची ओळख शेपटीच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून पटते. हिरवट पर्णवटवट्या व ब्लाइथचा वेळू-वटवट्या हे दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त. पहिला झाडाच्या शेंड्यात, तर दुसरा कुंपणाच्या दाट झुडपात असतो.

या सर्वांची चोच बारीक व टोकदार आहे. हे कीटकभक्षी पक्षी आहेत. बाजरीचा दाणा फोडण्याचे साधनच त्यांच्याकडे नाही. उत्तरेकडील दीर्घ हिवाळ्यात बी खाऊन तग धरू शकणारे पक्षी बहुधा तेथेच किंवा थोडे दक्षिणेला थांबतात. ज्यांचे जीवन किड्यांवर अवलंबून आहे त्यांना उष्ण प्रदेश गाठावाच लागतो, आणि तेच आपल्या वाट्याला येतात. थिरथिऱ्याने दाणापात्राकडे पाठ फिरवली त्याचे कारण एवढेच होते. त्याला हवे असलेले अन्न परसातच होते. ते कुंपणाखालच्या पालापाचोळ्यात होते, आणि तो पाचोळा लेखक दर रविवारी झाडून जाळत होता.

बी खाणारे स्थलांतरित गायक पक्षी आपल्याकडे येतच नाहीत असे नव्हे. काळ्या डोक्याचे भारीट थव्याथव्याने ज्वारी-गव्हाच्या शेतांत उतरतात, परंतु ते शिवार सोडून सहसा परसात येत नाहीत. भोरडी अथवा पळसमैना ही दोन्ही जगांची पाहुणी आहे. पूर्व युरोप ते मध्य आशियात ती टोळांच्या मागावर वीण करते. आपल्याकडे पावसाळा सरतासरताच तिचे थवे येऊ लागतात. ज्वारीचे दाणे, वड-पिंपळ-उंबराची फळे, किडे आणि फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावरीच्या फुलांतील मध हे सर्व तिला चालते. मचाणावर बसून गोफणीने भोरड्या हाकणारा शेतकरी आणि पळसावर त्यांची वाट पाहणारा निरीक्षक हे दोघेही एकाच पक्ष्याविषयी बोलत असतात. दाणे खाणारी भोरडी पिकावरील किडीही खाते, एवढे मात्र दोघांनीही लक्षात ठेवावयास हवे.

या पाहुण्यांविषयी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. यांतील अनेक पक्षी दरवर्षी त्याच जागी परततात. हिरवट पर्णवटवट्या तर हिवाळ्यातही आपापली हद्द राखून असतो आणि दुसऱ्याला हुसकावून लावतो, असे भारतातील अभ्यासांतून दिसले आहे. पायात वलय घातलेला करडा धोबी पुढील हिवाळ्यात पुन्हा त्याच हिरवळीवर आल्याची नोंद सलीम अली यांच्यामुळे सर्वपरिचित आहे. म्हणजे आपण एखादे झुडूप तोडतो किंवा हिरवळीवर फरशी बसवतो, तेव्हा हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या एका विशिष्ट पक्ष्याचे हिवाळ्याचे घर मोडत असतो.

६. पाहुणचाराचे योग्य स्वरूप

वरील विवेचनावरून आपल्याकडे दाणापात्राची जागा कशाने घ्यावी, हे सहज लक्षात येते.

पहिली गोष्ट पाणी. नोव्हेंबरनंतर पाणवठे आटू लागतात आणि पाण्याची गरज दाणे खाणाऱ्यालाही असते व किडे खाणाऱ्यालाही. त्यासाठी मातीचे पसरट परळ पुरेसे आहे. पाण्याची खोली दोन-तीन बोटांहून अधिक नसावी, तळ खरबरीत असावा आणि मध्ये एक दगड ठेवावा. छोटे पक्षी आधी दगडावर उतरतात, अंदाज घेतात, मगच पाण्यात शिरतात. परळ झुडपाजवळ असावे, पण मांजराला दबा धरता येईल इतके जवळ नसावे. पाणी रोज ओतून टाकून परळ घासून घ्यावे. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात तो वाढू शकत नाही.

दुसरी गोष्ट पालापाचोळा. कुंपणालगतचा एखादा कोपरा न झाडता राहू द्यावा. मुंग्या, कोळी, नाकतोडे व अळ्या यांचे ते कोठार असते. मान्सूनच्या सुमारास वीणस्थळाकडे जाणारा नवरंग कधी परसात उतरलाच तर याच पाचोळ्यात अन्न शोधतो.

तिसरी गोष्ट स्थानिक झाडे. परिसरात गुलमोहर, सुबाभूळ व शोभेची पाम यांची रांग असते, पण पळस, पांगारा, उंबर, बोर, बाभूळ शोधावी लागतात. येथील कीटक येथील झाडांबरोबर उत्क्रांत झाले असल्याने त्यांची विविधता स्थानिक वृक्षांवर अधिक असते. चौथी गोष्ट म्हणजे सरसकट कीटकनाशक फवारणीस आळा. ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, त्या बागेत वटवट्याला थांबण्याचे कारण नाही.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस खर्च नाही. उलट काही कामे न करणे, एवढीच अपेक्षा आहे.

७. महाविद्यालयीन परिसर : एक नोंदशाळा

पर्यावरण अभ्यास हा पदवी स्तरावर दीर्घकाळ अनिवार्य राहिलेला विषय आहे. त्यातील प्रकल्प बहुतांशी मागील वर्षाच्या वहीवरून उतरवले जातात, हे आपण सर्व जण जाणतो. परिसरातील एका परळापाशी बसून केलेली नोंद मात्र उतरवता येत नाही, कारण ती त्या दिवसाची असते.

भारतात अशा नोंदींना आता व्यापक आधार लाभला आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमन-निर्गमनाच्या तारखा नोंदवण्यासाठी २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला. त्याचे कार्य पुढे ई-बर्ड या व्यासपीठात विलीन झाले. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या परसदारी पक्षिगणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे आणि तिच्या जोडीने शैक्षणिक परिसरांची स्वतंत्र गणनाही होते. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली व सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह २०२० पासून शासकीय पातळीवर साजरा होतो. तो भाषणांत संपण्याऐवजी नोंदींनी सुरू व्हावा.

नोंदीची पद्धत सोपी आहे. जागा ठरलेली असावी, वेळ ठरलेली असावी आणि कालावधी, उदाहरणार्थ पंधरा मिनिटे, ठरलेला असावा. त्या काळात दिसलेल्या सर्व जाती लिहाव्यात, केवळ आवडत्या वा दुर्मिळ नव्हेत. प्रत्येक जातीची एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या लिहावी. ओळख पटली नाही तर तसे नमूद करावे. काहीही दिसले नाही तरी त्या दिवसाची नोंद कोरी ठेवू नये. 'थिरथिरा आढळला नाही' हेही निरीक्षणच आहे. ऑक्टोबरमधील अशा नकारात्मक नोंदींशिवाय तो नेमका कधी आला हे सांगता येत नाही.

या कार्यात सर्व विभागांना वाव आहे. भूगोल विभागास आगमनाच्या तारखा व पर्जन्यमान यांचा संबंध तपासता येईल, संख्याशास्त्र विभागास कल काढता येतील, मराठी विभागास तालुक्यातालुक्यांत बदलणारी पक्ष्यांची नावे गोळा करता येतील. चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने या नामवैभवाची वाट दाखवली आहे. तथापि गावोगावी बोलली जाणारी कितीतरी नावे जुन्या पिढीबरोबर नाहीशी होत आहेत.

अशा नोंदींचे मोल किती असते? २०२३ मधील 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींच्या आधारे ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींत घट आढळली. दूरवरून येणारे स्थलांतरित व कीटकांवर जगणारे पक्षी विशेष संकटात असल्याचे त्यातून सूचित होते. पारव्यांची संख्या मात्र वाढते आहे. आपल्या परसातील छोटा पाहुणा स्थलांतरितही आहे आणि कीटकभक्षीही. दोन्ही संकटांच्या छेदबिंदूवर तो उभा आहे.

८. समारोप

दाणापात्र हे एका विशिष्ट हवामानातील, विशिष्ट चोचीच्या पक्ष्यांसाठी निर्माण झालेले साधन आहे. त्यामागील दृष्टी, म्हणजे ठरलेल्या जागी नियमितपणे पाहणे व प्रामाणिकपणे लिहिणे, ही मात्र सर्वत्र लागू पडणारी आहे. आपण साधन उचलले आणि दृष्टी तेथेच राहिली, तर परसात पारवे जमतात. दृष्टी घेतली आणि साधन आपल्या भूमीतून शोधले, तर पाण्याचे एक परळ, न झाडलेला एक कोपरा आणि एक वही एवढ्यावर काम भागते.

प्रस्तुत लेखकाने दाणापात्र उतरवून त्याच जागी आंब्याखाली परळ ठेवले आणि पाचोळा जाळणे थांबवले. पुढील हिवाळ्यात थिरथिरा आला तो त्याच तारेवर. तो पूर्वीचाच होता की दुसरा, हे पायात वलय नसल्याने सांगता येणार नाही. मात्र तो आल्याची तारीख या वेळी वहीत आहे, आणि त्या आधीचे अकरा दिवस तो आढळला नसल्याची नोंदही आहे.